दुर्बिणीत ओतलेलं तेल

१ डिसेंबर २०२४, रविवार, सकाळी दहा. जागा: परतूरजवळच्या आमच्या गावी थोरल्या भावाची ओसरी. वादातली रक्कम: एक्केचाळीस हजार पाचशे रुपये, म्हणजे आठ इंची दुर्बिणीची किंमत, वाहतुकीसह. हजर: थोरला भाऊ, वहिनी, आमचा मामा, माझी बायको, माझी मुलगी आणि मी. भावाचा मुलगा घरातच होता, पण बाहेर आला नाही, म्हणून त्याला धरत नाही.

वादातली रक्कम म्हटलं खरं, पण वाद पैशाचा नव्हता. मुलीला आणि मला सोडून ही गोष्ट त्या ओसरीवर कुणाला कळली नाही, आजही कळलेली नाही. दीड वर्षात नातेवाइकांत या प्रकरणाची इतकी वेगवेगळी रूपं मी ऐकली, की जे झालं ते एकदा सरळ लिहून टाकावं असं वाटलं.

मी जालन्यात एका बियाणं कंपनीत हिशेब बघतो. आजोबा मेंढरं राखत, वडिलांनी जमीन धरली, थोरल्याने ती नीट कसली आणि मी शिकून शहरात आलो. राहायला जुना जालना. खाली भुसाराची दुकानं, वर माणसं, आणि गल्ली अशी की दोन गच्च्यांच्या मधलं आभाळ वाळत घातलेल्या धोतराएवढं. त्यातही लोखंडाच्या भट्ट्यांचा धूर आणि पत्र्यांची तापलेली हवा.

मुलगी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय भौतिकशास्त्र. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पुढे शिकायचं तिने मनात घेतलं होतं. फेब्रुवारीत अर्ज करायचा, त्याला स्वतः केलेलं एखादं काम जोडायचं. दुसऱ्याचे आकडे घेऊन काढलेलं नको, स्वतः बघितलेलं हवं, असं तिच्या मॅडम म्हणाल्या. तिने विषय निवडला तो गुरूच्या एका चंद्राचा. त्याचं नाव आयो.

हे काम काय होतं ते सांगायला हवं, कारण ते कळल्याशिवाय नुकसान कळत नाही. गुरूला चार मोठे चंद्र आहेत. साध्या डोळ्याला दिसत नाहीत, लहानशा दुर्बिणीतही दिसतात. त्यांतला आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती एक चक्कर मारतो आणि दर चकरेला गुरूच्या सावलीत शिरतो. घड्याळासारखं. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात एका माणसाच्या लक्षात आलं, की हे घड्याळ काही महिने पुढे धावतं आणि काही महिने मागे पडतं. घड्याळ बरोबरच होतं. आपली पृथ्वी गुरूकडे सरकत असते तेव्हा तिकडून निघालेल्या उजेडाला कमी वाट कापावी लागते, दूर जात असते तेव्हा जास्त. म्हणजे उजेडाला यायला वेळ लागतो. त्याआधी उजेड तत्क्षणी पोचतो असंच बहुतेक शहाणी माणसं धरून चालली होती.

मला हे मुलीने परतूरच्या गाड्यांवरून समजावलं. समजा, परतूरहून दर तासाला एक गाडी सुटते. तुम्ही जालन्याच्या फलाटावर बसून राहिलात तर ती दर तासालाच येणार. पण तुम्ही रुळाच्या कडेने परतूरकडे चालू लागलात तर प्रत्येक गाडी तासाच्या थोडी आधी भेटेल. उलटीकडे चाललात तर थोडी उशिरा. किती आधी आणि किती उशिरा ते मोजलं, स्वतःची चाल माहीत असली, की गाडीचा वेग निघतो. एका चंद्राच्या विझण्यावरून आणि पेटण्यावरून उजेडाचा वेग. मी पंचवीस वर्षं आकड्यांत काढली, पण आकड्याने असं काही उघडं पडताना पाहिलं नव्हतं.

गुरू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वीच्या सगळ्यांत जवळ येणार होता. त्याआधी आयोचं सावलीत शिरणं दिसतं, त्यानंतर सावलीतून बाहेर येणं दिसतं. मुलीला दोन्ही बाजू हव्या होत्या, जवळ येतानाची आणि दूर जातानाची. एका बाजूवरून वेग नीट निघत नाही. गाडीकडे चालतानाचं तेवढं मोजलं, उलटं चालून बघितलंच नाही, तर चूक आपल्या घड्याळाची होती की गाडीची, ते कळत नाही.

म्हणून दुर्बीण घेतली, पुण्याच्या एका माणसाकडून वापरलेली. नळकांडं माझ्या छातीपर्यंत येईल एवढं, वरून उघडं, तळाशी आठ इंचांचा आरसा. जालन्यात तिचा उपयोग नव्हता. गच्चीवरून बघितलं तर गुरू हौदाच्या पाण्यात पडलेल्या नाण्यासारखा हलायचा. तेव्हा भावानेच सांगितलं, "इकडं आणून ठेव की. आमची गच्ची काय कामाची? पापड वाळवायलाच." जिन्यावरच्या खोलीत त्याने जागा करून दिली. सप्टेंबरपासून मी आणि मुलगी शनिवारी संध्याकाळी जायचो, मधल्या वारी जमलं तर पहाटे पोचू अशा बेताने निघायचो. वहिनी भाकरी, ठेचा, चहाचा थर्मास वर पाठवायच्या. हे सगळं त्यांनी केलं. ते मी वजा करत नाही.

पहिल्यांदा आयो विझताना पाहिला तेव्हा मी मुलीच्या शेजारी घड्याळ घेऊन उभा होतो. दिवा फुंकल्यासारखा तो जात नाही. निखाऱ्यावर राख चढावी तसा मंद होतो, मग आहे की नाही अशी शंका येते, मग नसतो. ती म्हणाली, "आत्ता." मी वेळ लिहिली. मग ती म्हणाली, "पप्पा, हे आत्ता नाही झालेलं. पाऊण तासापूर्वी झालंय." मी आभाळाकडे पाहिलं. तोपर्यंत मी तारे बघायचो म्हणजे ठिपके बघायचो. त्या दिवशी कळलं, की वर दिसतं ते सगळं मागच्या तारखांचं आहे, आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. गुरूची पाऊण तासापूर्वीची, शेजारच्या रोहिणीची माझ्या वडिलांच्या तरुणपणातली. मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "दूध आणलं का?"

गावात दुर्बिणीचा बोभाटा झाला. दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी माणसं गच्चीवर येऊ लागली. मुलगी कंटाळली नाही. गुरू उगवायचा होता, तोवर ती सगळ्यांना शनी दाखवायची. त्या वर्षी शनीची कडी आपल्याकडे जवळजवळ आडवी होती, त्यामुळे तो सुईत ओवलेल्या मण्यासारखा दिसायचा.

"ह्योच का तो?" एकाने डोळा लावून विचारलं.

"हाच."

"एवढुसा? आन् ह्यानं माझा ट्रॅक्टर इकायला लावला व्हय?"

गच्ची हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "ट्रॅक्टर तू दारूपायी इकला. त्याच्यावर नको घालू."

एक म्हातारी डोळा लावता लावता मागे सरली. "न्हाई गं माय, त्याच्या नजरंला नजर द्यायची न्हाई. तू बी नगं बघत जाऊ, लग्नाची हाईस."

"आजी, तो आपल्याकडे बघत नाही," मुलगी म्हणाली. "तो गोळा आहे. वायूचा. आणि कड्या म्हणजे बर्फाचे तुकडे."

"बर्फाचे असूं दे. बर्फानं बी हात जळतोच."

माझा भाऊ सगळ्यांत शेवटी यायचा आणि सगळ्यांत जास्त वेळ बघायचा. त्याचा मुलगा तेव्हा तिशीला आला होता, आणि लग्न जमत नव्हतं. शेती आहे, घर आहे, पोरगा निर्व्यसनी आहे, पण मुली शेतकऱ्याला नको म्हणतात. हे त्या गावातल्या अर्ध्या घरांचं दुखणं आहे. पाच-सहा ठिकाणी बघणं झालं, एका ठिकाणी सुपारीपर्यंत जाऊन मोडलं. परतूरच्या एका ज्योतिषाने साडेसाती सांगितली होती. भाऊ दर शनिवारी मारुतीला तेल घालून यायचा. एकदा दुर्बिणीवरून डोळा काढून त्याने मला विचारलं, "आपण ह्याला हितं बघून राह्यलो, म्हणजे ह्यो हितं येतो ना? आत?"

मी म्हणालो, "त्याचा उजेड येतो. आरशावर पडतो, तिथून डोळ्यात येतो."

"म्हणजे येतोच की," तो म्हणाला.

माझं उत्तर बरोबर होतं. त्याने त्यातून काय घेतलं ते मला महिन्याने कळलं.

३० नोव्हेंबर, शनिवार. त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास अमावास्या लागली. शनिवारी अमावास्या आली की शनीला तेल वाहायचं मोठं महत्त्व. दुर्बिणीवाल्यालाही अमावास्याच हवी असते, चंद्राचा उजेड नसतो म्हणून. आम्ही दोघं आणि या खेपेला बायकोही, दुपारी जालन्याहून निघून दिवेलागणीला पोचलो. वहिनी नेहमीसारख्या बोलल्या नाहीत. भाऊ शेतात गेलाय म्हणाल्या. पुतण्या मोबाइल घेऊन आत गेला.

मुलीने नळकांडं खोलीबाहेर काढलं आणि झाकण काढायच्या आधीच थांबली. "पप्पा, वास कसला येतोय?"

तिळाच्या तेलाचा येत होता. धुण्याच्या पावडरचाही.

झाकण काढलं. नळीच्या आतल्या काळ्या रंगावर तेलाचे ओघळ. एका सांध्यात दोन उडदाचे दाणे अडकलेले. पूर्वेला गुरू वर आला होता. तिने दुर्बीण त्याच्यावर धरली, डोळा लावला, फोकस मागेपुढे फिरवून पाहिला. मग मला म्हणाली, "बघा." मी पाहिलं. धुक्यात दिवा लावावा तसा एक पांढरा डाग. चंद्र एकही नाही. तळाचे स्क्रू कुणीतरी काढून परत बसवलेले होते, दोन वाकडे. आम्ही आरसा बाहेर काढला. मधोमध मोठा भाग साध्या काचेसारखा आरपार दिसत होता, कडेला काथ्याने घासल्याच्या गोल रेघा.

तिने आरसा ओढणीवर ठेवला आणि गच्चीवरून खाली आली. रडली नाही. ओसरीवर वहिनींसमोर उभी राहून तिने विचारलं, "मोठी आई, कुणी धुतलं?"

वहिनींनी सगळं सांगितलं. लपवायचं त्यांच्या अंगात नाही. नुसतं आपण होऊन सांगितलं नव्हतं. ज्योतिषी म्हणाला, मोठा योग आहे, शनीच्या ठिकाणी जाऊन तेल वाहा. शनीचं ठिकाण लांब. गाडीभाडं, दिवसाची मजुरी बुडणार. भावाने विचार केला, शनी तर रोज आपल्या गच्चीवर येतो. अकरा वाजता अंघोळ करून, रुईची माळ घेऊन तो वर गेला, झाकण काढलं, नळकांडं उभं केलं आणि पावशेर तेल आणि मूठभर काळे उडीद आत सोडले. मुलाचा तांब्याला हात लावून घेतला. खाली आल्यावर वहिनींना धास्ती पडली, पोरीची वस्तू आहे, मुंग्या लागतील. मग पुतण्याने तळ उघडला, आणि वहिनींनी आरसा राख, पावडर आणि काथ्याने देवाची भांडी घासतात तसा लखलखीत होईपर्यंत घासला.

"आरसाच हाय ना भावजी," त्या मला म्हणाल्या. "घरातला पुसतोच की आपण."

इथे मला त्यांचं म्हणणं मान्य करावं लागतं. घरातल्या आरशाची चमक काचेच्या मागे असते. पुढून कितीही घासा, काही होत नाही. दुर्बिणीच्या आरशाची चमक काचेच्या पुढे असते, वर, उघडी. केसाहून शेकडो पटीने पातळ असा धातूचा थर. हे ज्याला माहीत नाही तो घासणारच, आणि जितका मनापासून घासेल तितकं वाटोळं. एक गोष्ट मात्र मी त्यांना तेव्हा सांगितली नाही, ती इथे लिहितो. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता शनी उगवलेलाच नव्हता. तो दुपारनंतर उगवणार होता. भावाने तेल ओतलं तेव्हा शनी क्षितिजाच्या खाली होता, पृथ्वीच्या आड.

भाऊ शेतातून आला, जेवला, आणि म्हणाला, "उद्या मामाला बोलावतो. बराबर काय ते करून टाकू." आमच्यात भावाभावांत असं काही झालं की मामा मध्ये बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मोटरसायकलवर आला. सत्तरीचा माणूस, तोंडाने फटकळ.

"काय रे लेका," तो भावाला म्हणाला, "मारुतीनं काय घोडं मारलं तुझं? नळीत तेल घातलं?"

"दिसला म्हणून घातलं, मामा. देवळात दगड दिसतो, हितं तर खुद्द दिसून राह्यला."

"मंग टीव्हीत तिरुपती दिसल्यावर टीव्हीला नारळ फोडतो का?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. माझी बायकोही हसली. मुलगी खांबाला टेकून बसली होती.

मामाने मला किंमत विचारली. मी सांगितली. त्याने कानाला हात लावला. "एक्केचाळीस हजार? ह्या नळीचे? एवढ्यात म्हैस आली असती." मग मुलीकडे वळून म्हणाला, "अन् ती पेपरात आल्ती ती दुर्बीण? सोन्याचे आरसेवाली, आभाळात सोडलेली?"

"ती पंधरा लाख किलोमीटरवर आहे, आजोबा."

"बरंय. तिथं तुझा मोठा बाबा तांब्या घेऊन पोचायचा न्हाई."

सगळे हसले. मामाला वातावरण हलकं करायचं होतं, ते झालं. मी सांगितलं, की नवी घ्यायची गरज नाही, आरसा पुण्याला पाठवून थर पुन्हा चढवून घेता येतो, खर्च आठ हजारांच्या आत येईल. ओसरीवर एकदम सैल झालं. एक्केचाळीसवरून आठवर आलो म्हणजे जणू निकाल लागला. मामा म्हणाला, निम्मा खर्चा थोरल्याने द्यावा, निम्मा मी सोसावा, चूक जाणून केलेली न्हाई. भाऊ म्हणाला, देतो, कापूस गेला की देतो. वहिनी चहा ठेवायला उठल्या.

तेव्हा मुलगी बोलली. "मोठे बाबा, मला पैसे नकोत. मला दोन महिने गच्ची द्या. आरसा येईपर्यंत मी कॉलेजची लहान दुर्बीण मिळते का बघते. जानेवारी संपेपर्यंत मला आयो बाहेर येतानाच्या वेळा घ्यायच्यात. त्या नाही मिळाल्या तर सप्टेंबरपासूनचं सगळं वाया जाईल."

भाऊ खाली बघत होता. तसाच म्हणाला, "ते सोडून माग, बाई."

"का?"

"ज्योतिषाला फोन केल्ता काल रात्री. तो म्हणला, नळी घरावर ठेवली हीच चूक. त्या नळीतून तो घरात उतरून राह्यला. रोज उतरवून घेता तुम्ही, मंग पोराचं कसं जमल?"

"असं नसतं, दादा," मी म्हणालो.

"तुझ्यासाठी न्हाई. तुझी लेक हुशार हाय, तिला उद्या कोणी बी करून घेईल. माझं लेकरू तीस वर्षांचं घरात बसून राह्यलंय. मोबाइल बघत. जेवायला हाका माराव्या लागतात. तू दाखव मला दुसरा उपाय."

आयोच्या वेळांवरून उजेडाचा वेग काढता येतो, पोराचं लग्न काढता येत नाही. मी मुलीच्या बाजूने तीन वेळा बोललो. एक महिनाच दे, म्हणालो. गच्ची नको, शेतातल्या आखाड्यावर, गुरं बांधतो तिथं ठेवू, म्हणालो. शेत बी घरच हाय, तो म्हणाला. मग माझी बायको मध्ये पडली. "राहू द्या ना. थंडीचं पोरीला असं रात्रीबेरात्री बाहेर, मलाही बरं वाटत नव्हतंच." मामाने मांडीवर थाप मारली. "झालं तर मंग. खर्चा निम्मा निम्मा, नळी जालन्याला. लई ताणू नका, घर एक ऱ्हाऊ द्या."

घर एक राहिलं. मुलीने सप्टेंबरपासून सुरू केलेलं काम तुटलं. त्या दोन गोष्टी एका तराजूत घातल्या गेल्या आणि कुणी वजनसुद्धा केलं नाही, नुसतं पारडं उचलून बघितलं.

पुढचं थोडक्यात. कॉलेजात लहान दुर्बीण होती, कपाटात, किल्ली एका सरांकडे. ते म्हणाले, वापर, पण आवारातच, आणि सहाला गेट बंद होतं. सहाला डिसेंबरात जेमतेम अंधार पडतो. आरसा पुण्याहून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात परत आला, छान करून दिला होता त्यांनी. तोवर गुरू संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर येऊ लागला होता, म्हणजे आमच्या गल्लीच्या पट्टीतही सापडायचा. आम्ही तिथूनच प्रयत्न केला. भट्ट्यांची हवा होतीच. आयो बाहेर येतानाचा क्षण मुलगी सांगायची, मग म्हणायची, "आधी आला असेल. मिनिटभर आधीसुद्धा." ज्या कामात सगळा खेळ काही मिनिटांचा, तिथे मिनिटभराची शंका म्हणजे काहीच हाती नाही. अर्जाच्या मुदतीपर्यंत दोन वेळा धरता आल्या. दोन्हींपुढे तिने "शंकास्पद" लिहिलं.

वेग काढला तो पुस्तकातल्या आकड्याच्या आसपास आला, पण चुकीची शक्यता उत्तराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. किल्लीवाले सर तिला म्हणाले, "खरा आकडा माहीत आहे ना? वेळा थोड्या सरकव. कोण बघायला येतंय?" तिने सरकवल्या नाहीत. आले तेच आकडे पाठवले. मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. याच कारणाने आलं नाही असं मी म्हणू शकत नाही. त्यांनी कारण कळवलं नाही, आणि माझ्याकडे पुरावा नाही. मुलीने मात्र विचारलंही नाही. तिने ती फाइल बंद केली आणि महिनाभर संध्याकाळी गच्चीवर गेली नाही.

मार्चमध्ये पुतण्याचं लग्न जमलं. नवरी अंबडकडची. वडील अंकुशनगरच्या साखर कारखान्यात होते, शेती करणारा जावई चालेल म्हणाले. मे महिन्यात लग्न झालं. मांडवात भाऊ प्रत्येक पाहुण्याला सांगत होता, की तेल थेट पोचलं. "देवळात घातलेलं पोचायला सात वर्षं लागतात. नळीतनं सहा महिन्यांत काम झालं." पाहुणे हसत होते, पण चारजणांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ती दुर्बीण कुठं असते, एखाद्या शनिवारी बघायला मिळेल का. माझी मुलगी तिथेच पंगतीत वाढत होती. तिने त्यातल्या एकाला सांगितलं, "बघायला मिळेल. तांब्या घरी ठेवून या." तो हसला. ती हसली नव्हती.

मला भावाचा राग आहे, आणि तो कमी होत नाही. पण त्याला शनीचं काहीच माहीत नाही म्हणून तो राग नाही. त्याने डोळा लावला, शनी पाहिला, कडी पाहिली. इतकं लांबचं इतक्या जवळ आलेलं पाहून तो हललाही होता. मी शेजारी उभा होतो, मला दिसलं होतं. दुर्बिणीने त्याला जे दाखवलं ते त्याने आधीपासून जवळ असलेल्या भीतीत भरलं. आणि जिने त्याला दाखवलं, तिचा त्यात काही हिस्सा आहे असं त्याच्या मनात एकदाही आलं नाही. चूक झाली हे त्याने मामासमोर कबूल केलं, माझ्यासमोर केलं. मुलीला त्याबद्दल आजतागायत एक शब्द बोललेला नाही.

दुर्बीण विकायची असं तिनेच ठरवलं. मी नको म्हणालो. पुढच्या वर्षी गुरू पुन्हा जवळ येईल, मी जागा शोधतो, एखादा मोसंबीचा बाग, ओळखीचा मळा. ती म्हणाली, "पप्पा, पुढच्या वर्षी मी कुठल्या अर्जाला जोडणार?" ऑगस्टमध्ये बीडकडच्या एका माध्यमिक शिक्षकाने ती घेतली, शाळेसाठी. मुलीने त्याला दोन तास बसवून सगळं शिकवलं, आणि झाकणावर आतल्या बाजूने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: आरसा पुसू नये.

शेवटचे हिशेब असे. पुण्याच्या थरवाल्याला सहा हजार आठशे आणि जाण्यायेण्याच्या पार्सलचे अकराशे पन्नास, एकूण सात हजार नऊशे पन्नास. सगळे मी दिले. भावाच्या वाट्याचे निम्मे आले नाहीत. कापूस गेला, लग्न झालं, त्याने विषय काढला नाही, मीही काढलेला नाही. ज्योतिषाला त्याने लग्नानंतर पाच हजार एक रुपये आणि पूर्ण आहेर दिला. हे वहिनींनी सांगितलं. दुर्बिणीचे एकतीस हजार आले. त्यांत माझे तीन हजार घालून, चौतीस हजार रुपये एका हप्त्यात, छत्रपती संभाजीनगरच्या बँक परीक्षांच्या क्लासला भरले. पावती मुलीच्या नावाची आहे.